लांबणारी आणि आटपणारी एअर नळी : कॉम्प्रेसर आणि नेलर गनसाठी (हवेच्या दाबाने खिळे मारणारी गन) डिझाइन कसं करावं?

खराडकाम (वागळे इस्टेट)

बागेत पाणी घालायची ती कापडी नळी सगळ्यांनी पाहिली असेल. नळ सोडला की तिप्पट लांब, बंद करून पाणी काढलं की पुन्हा गोळा. तीच कल्पना हवेच्या नळीला लावायचा विचार आहे.

वापरणारे कोण, तर घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये फर्निचर आणि फॉल्स सीलिंगची कामं करणारे सुतार. २ एचपीचा, ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर बाल्कनीत आणि काम आतल्या बेडरूममध्ये. १५ मीटरची रबरी नळी लिफ्टमधून वर न्यायचा वैताग, आणि पीयूची (पॉलियुरेथेन प्लास्टिकची) कॉइल प्रत्येक दाराच्या चौकटीला अडकते.

अपेक्षा अशा : दाब ८ बार, वापरात लांबी १५ मीटर, आटपल्यावर ५-६ मीटर, वजन दीड किलोच्या आत, दोन्ही टोकांना पाव इंची बीएसपी (पाइपचे आटे) आणि क्यूआरसी (झटकन जोडायचं-काढायचं कपलिंग, एका अंगाला सॉकेट, दुसऱ्याला निपल). पितळी फिटिंग इथेच खराडून होतील, तो प्रश्न नाही. आतली नळी आणि वरची खोळ यांबद्दल जाणकारांनी लिहावं. गार्डन होजचीच आतली नळी जाड करून चालेल का?

दाबमापक

नाही चालणार. आधी हिशेब बघा, मग मटेरियलचं बोलू.

१५ मीटर लांब आणि आतून १० मिमी व्यासाची नळी म्हणजे जवळपास १.२ लिटर आकारमान. ८ बारवर त्यात पाणी असेल तर पाणी दाबल्याने साठलेली ऊर्जा पाव जूलसुद्धा भरत नाही. तेवढ्याच जागेत हवा असेल तर नळी किती झटकन रिकामी होते त्यावर ८०० ते १,४०० जूल. शिवाय मागे ५० लिटरची टाकी उभी आहे, ती रिकामी होईपर्यंत नळीचं तुटलेलं टोक फटके मारत राहणार, आणि त्या टोकाला पितळेचं फिटिंग असतं.

त्यामुळे गार्डन होजला कामाच्या दाबाच्या दीडपट टिकली तरी लोक खूश असतात, तसं इथे नाही. हवेच्या नळीला फुटण्याचा दाब कामाच्या दाबाच्या किमान ४ पट धरतात. ८ बारला ३२. आपल्याकडे रबरी एअर होजसाठी आयएस ४४६ आहे, कापडी मजबुतीच्या रबरी नळीसाठी आयएसओ २३९८ आणि तशाच प्लास्टिक नळीसाठी आयएसओ ५७७४. तुमची नळी यांपैकी कुठल्याच चौकटीत सरळ बसणार नाही, पण चाचण्या तिथूनच उचला.

रबाळे_पॉलिमर

गार्डन होजमधली नळी बहुतेक वेळा लॅटेक्स, म्हणजे नैसर्गिक रबर. ताणायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण पिस्टन कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचे कण येतात आणि खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगून मऊ पडतं. शिवाय ताणलेल्या अवस्थेत ओझोनने त्याला आडव्या भेगा जातात, आणि ही नळी कामाच्या वेळी कायम ताणलेलीच असणार.

पर्याय असे :

सिलिकॉन विसरा. एकदा चीर पडली की सरसर फाटत जातं.

टीपीयू (रबरासारखं ताणणारं पॉलियुरेथेन) तेलाला आणि घासण्याला उत्तम, पण ९५ ए कडकपणाचं (शोअर मापाने, आकडा कमी तितकं मऊ) ताणलं की पूर्ण परत येत नाही, थोडं लांबच राहतं. ८० ए च्या खाली बरं आहे. आणि टीपीयू घ्यायचाच असेल तर ईथर जातीचा घ्या. एस्टर जातीचा तेलाला किंचित सरस, पण दमट हवेत पाण्याने त्याच्या साखळ्या तुटतात आणि तो चिकट होऊन तडकतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातला पावसाळा त्याला मानवत नाही.

नायट्राइल, म्हणजे एनबीआर, ४५ शोअरच्या आसपास. माझं मत याला. इतकं मऊ करायला त्यात प्लॅस्टिसायझर (रबर मऊ करणारं द्रव्य) भरपूर घालावा लागतो आणि कॉम्प्रेसरचं तेल तो हळूहळू शोषून बाहेर काढतं, मग नळी कडक होते आणि आटपेनाशी होते. कंपाउंड बनवणाऱ्याला 'तेलात न सुटणारा प्लॅस्टिसायझर' असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो त्याला स्वस्त पडतो तो घालतो.

विणकरीण

सगळे आतल्या नळीवर बोलताहेत. दाब तिच्यावर घ्यायचाच नसतो, तो खोळीवर घ्यायचा. आतली नळी फक्त हवा अडवते आणि परत ओढून घेते.

खोळीचे दोन प्रकार. पहिला गार्डन होजवाला : सरळ विणलेली कापडी नळी, १५ मीटरची, ६ मीटरच्या रबरावर चुण्या पाडून बसवलेली. दुसरा ब्रेड, म्हणजे तिरकस गुंफलेली जाळी. हवेसाठी मी ब्रेड सुचवीन.

ब्रेडचा सगळा खेळ कोनात आहे. नळीच्या अक्षाशी धाग्याचा कोन ५४.७ अंश असेल तर दाब दिल्यावर ती ना लांबते ना आखूड होते. कोन त्यापेक्षा कमी असला तर दाबाने जाड होऊन आखडते, जास्त असला तर बारीक होऊन लांबते आणि ५४.७ च्या दिशेने सरकते. म्हणून आटपलेल्या अवस्थेत कोन ७५ अंश ठेवा. लांबी कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात बदलते : कोस ७५ = ०.२५९, कोस ५४.७ = ०.५७७, भागाकार २.२३. म्हणजे कागदावर सव्वादोन पट. ८० अंशाने सुरुवात केली तर ३.३ पट येते, पण एवढ्या आडव्या कोनात धागे एकमेकांवर चढून जाम होतात आणि मशीनवर वेगही मिळत नाही.

व्यास साइनच्या प्रमाणात जातो, त्यामुळे पूर्ण लांबल्यावर तो साधारण १५ टक्के घटतो.

दाबमापक

विणकरताई, तत्त्व मान्य. पण नळी ५४.७ पर्यंत पोचणारच नाही. जसजशी त्या कोनाजवळ जाते तसतसा लांबवणारा जोर शून्याकडे जातो, आणि रबराचा मागे ओढणारा जोर वाढत असतो. दोघांची गाठ अलीकडेच पडते.

ढोबळ हिशेब मांडतो. ब्रेडचा आटपलेला व्यास १४ मिमी, कोन ७५ अंश, दाब ६ बार. सुरुवातीला पुढे ढकलणारा जोर साधारण ७९ न्यूटन, म्हणजे ८ किलो. लांबी १.५ पट झाली की ५४ न्यूटन, १.८ पटीला ३४.

आता आतली नळी बाहेरून १२ आणि आतून ८ मिमी घेतली, २ मिमी भिंतीची, तर दीडपटीलाच ती ४०-४५ न्यूटनने मागे ओढते. सगळं दीडपटीच्या जरा पुढे अडकतं. भिंत १.२ मिमी केली (आतून ९.६) आणि रबर ४५ शोअरचं ठेवलं तर १.८ पटीला ती २८ न्यूटनच्या आसपास ओढते. तिथे जमतं. म्हणजे ८ मीटरची नळी ६ बारला १४ मीटरच्या वर जाते. तिप्पट विसरा, पावणेदोन ते १.८ पट धरून चाला.

आणखी एक. दाब ३ बारवर आला तर हीच नळी १.६ पटीवर येते, म्हणजे १४.४ वरून १२.८ मीटर. गन सलग चालवताना नळी दीडेक मीटर मागेपुढे श्वास घेणार. सुताराने शिडीवर असताना हे सहन करावं का, हा प्रश्न आहे.

विणकरीण

म्हणूनच चुण्यांच्या खोळीचा एक फायदा मानावा लागतो. तिला लांबीची हद्द असते. कापड ताठ झालं की पुढे जात नाही, आणि दाब निम्मा झाला तरी रबराच्या ओढीपेक्षा जास्त जोर शिल्लक असेल तर लांबी तशीच राहते. पण तिचे दोन तोटे. आटपलेल्या अवस्थेत चुण्या ढिल्या असतात, त्यात लाकडाचा भुसा, पीओपीची भुकटी, पिन अडकतात आणि पुढच्या वेळी फुगताना तेच आतल्या रबराला घासतं. दुसरं, अडीच पट ताण म्हणजे रबर दर वेळी दीडशे टक्के ताणलं जातं, ते लवकर थकतं.

मधला मार्ग : ब्रेडच ठेवा, आणि आतल्या नळीशेजारून न ताणणाऱ्या पॉलिएस्टर दोरीच्या दोन पट्ट्या सोडा, १.६ पटीच्या लांबीच्या. ३ बारलाही नळी १.६ पर्यंत जातेच, त्यामुळे ३ बारच्या वर लांबी हलत नाही. पट्ट्या समोरासमोर हव्यात, एकच टाकली तर नळी केळीसारखी वाकते.

खराडकाम

हे छान. म्हणजे ८ मीटरला १२.८. १५ हवी तर आटपलेली ९.५ मीटर धरावी लागेल. ५-६ ची अपेक्षा सोडतो.

धागा कुठला आणि किती जाड?

विणकरीण

हाय टेनॅसिटी (जास्त ताकदीचं) पॉलिएस्टर, १००० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप). ८ ग्रॅम प्रति डेनियर धरलं तर एक धागा ८ किलो घेतो. गुंफणीत आणि वळणात ३०-४० टक्के ताकद जाते असं धरून हिशेब करा.

भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या. ७ मिमी त्रिज्या आणि १० बार घेतले (८ ला थोडी मोकळीक ठेवून) तर सेंटिमीटरला ७० न्यूटन. चौपट केले की २८०. साधं कापड असतं तर आडवे ८ धागे प्रति सेंटिमीटर पुरले असते. ब्रेडमध्ये कोनाप्रमाणे जास्त घ्या.

पण ताकदीपेक्षा मोठी अडचण झाकण्याची आहे. कोन ७५ असताना धागे दाटीने बसतात, नळी लांबली की जाळीच्या फटी उघडतात. तुम्ही टेबलावर बघाल तेव्हा जाळी घट्ट दिसेल, आणि ६ बारला तिच्यातून रबराचे मोहरीएवढे फुगे बाहेर येतील. लांबलेल्या अवस्थेत किमान ९० टक्के झाकलं गेलं पाहिजे, असं ब्रेडिंगवाल्याला लिहून द्या. जमत नसेल तर रबर आणि ब्रेड यांच्यामध्ये पातळ विणलेल्या लायक्राची खोळ.

घोडबंदरी

एवढं सगळं करण्यापेक्षा नळीचा व्यास कमी केला तर? नेलरला किती हवा लागते!

दाबमापक

सगळं पाऊणपट केलं तर १.८ पटीच्या ताणावर आतला व्यास ११.६ मिमीवरून (हवा भरली की रबर फुगून ब्रेडला टेकतं, म्हणून ९.६ पेक्षा जास्त) ८.७ होतो, जोरही जवळपास निम्मे होतात. पण भिंत ताणल्यावर ०.६ वरून ०.४५ मिमी उरते, मग ताईंनी सांगितलेले मोहरीचे दाणे हमखास. रबर त्याच जाडीचं ठेवून व्यास कमी करता येत नाही, कारण मग ओढच जास्त होते आणि नळी लांबत नाही.

दाबातली घट म्हणाल तर नेलरसाठी ८ मिमीसुद्धा भरपूर. सेकंदाला ५ लिटर मोकळी हवा (साडेदहा सीएफएम, म्हणजे मिनिटाला घनफूट), १५ मीटर, ६.५ बारच्या गेजवर : १० मिमीला ०.१८ बार, ८ मिमीला ०.५४, ६.५ मिमीला दीड बार. घट व्यासाच्या पाचव्या घातावर जाते, म्हणून आकडे असे उड्या मारतात. डाय ग्राइंडरला याच्या दुप्पट हवा लागते, ८ मिमीतून जवळपास २ बार जातात. त्या कामाला ही नळी नकोच.

मऊ नळीचा खास दोष : टोकाकडे दाब पडला की तिथला व्यास आकसतो, आकसला की घट वाढते. सलग हवा खाणाऱ्या टूलला हे फार जाणवतं.

वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. अमेरिकेच्या ओशाच्या (तिथली कामगार सुरक्षा यंत्रणा) बांधकामाच्या नियमांत आतून अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या नळीला उगमाशी फुटीच्या वेळी दाब तोडणारा व्हॉल्व्ह लागतो. ११.६ मिमी त्याच्या खाली आहे. तरीही एअर फ्यूज (नळी तुटून हवा सुसाट सुटली की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह) लावा, ५० लिटरच्या टाकीसमोर त्याची किंमत काहीच नाही.

जुना फिटर

आता टोकाकडे या. या जातीच्या नळ्या मधोमध क्वचित फुटतात, जातात त्या फेरूलपाशी (टोकाला आवळायचं धातूचं कडं).

कारण असं. बार्बवर (फिटिंगचं कंगोऱ्यांचं टोक) नळी चढवून क्लिप आवळली तेव्हा भिंत १.२ मिमी होती. हवा सोडली, नळी लांबली, भिंत पातळ झाली. क्लिपची पकड होती १.२ वर, आता रबर तिच्याखालून हळूहळू पुढे खेचलं जातं. पन्नासेक वेळा लांबली-आटपली की बार्बवर शेवटची एकच कड उरते आणि एक दिवस फट्. लोक क्लिपला शिव्या देतात.

म्हणून शेवटचे ४० मिमी रबर ताणलंच जाता कामा नये. तिथे नळीवर कापडाची पट्टी रबराच्या सोल्युशनने चिकटवा. पट्टीचं आतलं टोक सरळ कापू नका, करवतीच्या दातांसारखं कापा, म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही.

क्लिप एका कानाची स्टेनलेसची, आतून पायरी नसलेली. जुबिली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) एवढ्या पातळ नळीला नको, तिच्या स्क्रूच्या घराखाली चिमटीएवढी जागा दबायची राहते आणि तिथून फुसफुसतं.

बार्बच्या कडा मशीनवर धारदार सोडू नका, किमान अर्धा मिमी गोलाई.

ब्रेड याच क्लिपखाली घ्यायचा नाही. तो वेगळा पकडायचा : बार्बच्या मागे निमुळता कोन, त्यावरून ब्रेड पुढे घेऊन एका कड्यावर उलटा दुमडायचा, वरून फेरूल. नळी ओढली की ब्रेड कोनात आणखी घट्ट बसतो. दाब १० बार, लांबलेल्या ब्रेडचा व्यास १२.८ मिमी धरला तर टोकावर १२९ न्यूटन, चौपट म्हणजे ५२ किलोच्या जवळ. तपासायला सिमेंटची ५० किलोची गोणी टांगा, दिवसभर राहू दे, आणि मार्कर पेनने फेरूलच्या कडेला ओढलेली रेघ सरकली का बघा.

बाहेरून ७० मिमी स्प्रिंग. गनच्या बाजूला तरी हवीच.

सुतारपक्षी

क्यूआरसी काढली तर नळी आटपेल ना?

जुना फिटर

कुठल्या बाजूची, त्यावर आहे. टाकीकडची सॉकेट काढलीत तर नळीतली हवा निपलमधून सुटेल, पण एका झटक्यात, आणि नळी तुमच्या हातात साप निघाल्यासारखी मागे येईल. गनच्या बाजूला सॉकेट असेल आणि ती काढलीत तर सॉकेट बंद होते, नळी फुगलेलीच राहते.

म्हणून टाकीच्या रेग्युलेटरनंतर हाताने सरकवायचा स्लाइड व्हॉल्व्ह लावा, ३/२ जातीचा (तीन तोंडं, दोन स्थिती). बंद केला की टाकीची बाजू अडते आणि नळीच्या बाजूची हवा त्याच्याच भोकातून बाहेर जाते. त्या भोकाला छोटा ब्रासचा सायलेन्सर, म्हणजे आवाजही कमी आणि नळी पाचेक सेकंदांत शांतपणे गोळा होते. साधा बॉल व्हॉल्व्ह इथे कामाचा नाही, तो मागची हवा सोडत नाही.

भरतानाही तेच. झटकन उघडला तर ८ किलोच्या जोराने नळीचं टोक पुढे जातं. गन आधी जोडून हातात धरलेली असावी.

रबाळे_पॉलिमर

पाण्याचं कुणी बोललं नाही. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरला २६ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. १० सीएफएमचा कॉम्प्रेसर तासभर सलग चालला तर १७ घनमीटर हवा, म्हणजे ४४० ग्रॅम पाणी आत येतं. ८ बारला दाबून ३५ अंशांपर्यंत थंड केल्यावर हवा त्यातलं ७५ ग्रॅमच धरू शकते. उरलेलं पाऊण कप नाही, चांगलं तिसरा हिस्सा लिटरपेक्षा जास्त पाणी टाकीत आणि नळीत पडतं.

कडक नळीतून ते गनमधून थुंकलं जातं. आटपणाऱ्या नळीत मात्र चुरगळलेल्या भागांत साचून राहतं, तेलाशी मिसळून पांढरट चिखल होतो. रोज संध्याकाळी टाकीचा ड्रेन सोडायचा, आणि नळी आटपताना गनची बाजू खाली ठेवायची. फिल्टर नळीच्या आधी असू दे, पण तेलदाणी नको. एफआरएल युनिट (फिल्टर, रेग्युलेटर आणि तेलदाणी एकत्र) लावलं तर तिच्यातलं तेल सगळं आतल्या रबरावर जातं. नेलरला त्याच्या निपलमध्ये दोन थेंब पुरतात.

स्प्रे पेंटिंगवाल्यांनी ही नळी वापरू नये असं पाकिटावर छापा. कोरड्या हवेने प्लास्टिकच्या जाळीवर स्थिर वीज साचते, आणि थिनरच्या वाफेजवळ ती नको.

खराडकाम

चाचणीचा क्रम कसा ठेवू?

दाबमापक

हवेने फोडून बघायचं नाही, कधीच नाही. प्लंबर पाइपलाइन तपासायला वापरतात तो हातपंप घ्या, ५० बारचं गेज. नळी उभी टांगून खालून पाणी भरा, वरच्या टोकातून हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत. एवढ्याने धोका जवळपास सगळा जातो.

प्रत्येक नळी १६ बारला १ मिनिट. लॉटमधली एक ३२ पर्यंत, आणि ती फुटेल तिथे फुटू दे. फेरूलपाशी सुटली तर लॉट थांबवा, मध्ये जाळीतून फुटली तर ब्रेडिंगवाल्याशी बोला.

मग दमवण्याची चाचणी. सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि टायमर, १० सेकंद ६ बार, १० सेकंद शून्य. हे पिंजऱ्यात. आधी नळीवर दर अर्ध्या मीटरला रेघ मारून ठेवा. सगळीकडे सारखी लांबत नसेल तर एखाद्या तुकड्यात रेघांमधलं अंतर इतरांपेक्षा वाढलेलं दिसेल, तिथे भिंत असमान आहे. ५ हजार फेऱ्यांनंतर आटपलेली लांबी सुरुवातीपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त वाढली असेल तर कंपाउंड परत पाठवा. हा ५ चा आकडा माझा, कुठल्या मानकातला नाही.

त्यानंतर तीच नळी कॉम्प्रेसरच्या तेलात आठवडाभर भिजवून पुन्हा ३२ बार.

घोडबंदरी

ब्रेडिंग कोण करून देईल? आणि २५ मीटरची मागणी आली तर?

विणकरीण

दोरी आणि बुटांच्या नाड्या विणणाऱ्यांकडे गोल ब्रेडिंगची मशीनं असतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला होज विकणाऱ्यांकडे विचारलंत तर ते पत्ता देतील. ४८ कॅरिअरचं (धाग्याची रिळं फिरवणारे वाहक) मशीन विचारा, २४ मध्ये एवढं झाकलं जात नाही. मऊ रबरावर थेट विणलं की मशीन त्याला आवळतं आणि कोन बिघडतो. म्हणून आत १० मिमीचा पीयू पाइप घालून विणायचं, नंतर थोडी हवा मारून तो ओढून काढायचा.

जुना फिटर

२५ मीटर या पद्धतीने करू नका. १५ मीटर साधी १० मिमीची रबरी नळी बाल्कनीपासून खोलीच्या दारापर्यंत भिंतीलगत, तिथे टी आणि स्लाइड व्हॉल्व्ह, आणि पुढे तुमची ६ मीटरची लांबणारी. हलते ती शेवटची १० मीटरच. टी चे चारही आटे टेपने नाही, लिक्विड सीलंटने बसवा, टेपचे तुकडे नेलरच्या व्हॉल्व्हमध्ये जातात.

सुतारपक्षी

टी ला तीनच तोंडं असतात काका.

जुना फिटर

चौथा स्लाइड व्हॉल्व्हचा.